थेट निर्यातीपलीकडचं नुकसान

चीनशी व्यापार किरकोळ असेल तर चीनच्या नाराजीची झळ बसत नाही, असं अनेकदा म्हटलं जातं. मला हे पटत नाही, कारण लिथुआनिया हा युरोपातला छोटा देश. नोव्हेंबर २०२१मध्ये त्याच्या राजधानीत, व्हिल्नियसला, तैवानचं प्रतिनिधी कार्यालय उघडलं. नावात 'तैपेई' या राजधानीऐवजी 'तैवान' आलं, एवढ्यावरून, तैवान आपलाच भाग मानणाऱ्या चीनने लिथुआनियाशी असलेले राजदूत पातळीवरचे संबंध खालच्या, प्रभारी अधिकाऱ्याच्या पातळीवर आणले. लिथुआनियाच्या निर्यातीत चीनचा वाटा जेमतेम १ टक्क्याच्या आसपास. म्हणजे वरच्या हिशेबाने विषय तिथेच संपायला हवा होता. पण डिसेंबरात त्यांचा माल चिनी कस्टम्समध्ये अडकायला लागला आणि त्याहून वाईट म्हणजे, लिथुआनियात बनलेले सुटे भाग वापरू नका, असा दबाव जर्मनीसारख्या तिसऱ्याच देशांतल्या कंपन्यांवर आला. भांडण दोन सरकारांचं आणि भीती तिसऱ्याच कारखानदाराला, हे मला फार गंभीर वाटतं.

युरोपीय संघाने जानेवारी २०२२मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली, पण दोन वर्षांनी ती स्वतःच स्थगित केली. ठोस असं झालं ते वेगळंच. अशा आर्थिक दबावाला एकत्र उत्तर देता यावं म्हणून संघाने कायदा केला, तो डिसेंबर २०२३पासून लागू आहे.