जुन्या संगीत नाटकात प्रेम होतं, की नुसतं लग्नच?

हरिपूर रोड
रंगभूमी दिन तोंडावर आलाय. आमच्या कॉलनीत ५ नोव्हेंबरला एखादा जुना प्रवेश बसवतात. यंदा पोरांनी विषय काढला 'प्रेम', आणि प्रवेश निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. महिनाभर जुनी नाटकं वाचतोय आणि आता वाटायला लागलंय की त्यांत प्रेम फारसं नाहीच. लग्नं आहेत, ढिगानं आहेत.

सुरुवातच बघा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं नाटक केलं ते 'सीतास्वयंवर'. म्हणजे मराठी रंगभूमीचा नारळ फुटला तोच मांडवात. त्यातही नाव स्वयंवर, पण धनुष्य पेलेल त्याची मुलगी. तिला विचारतो कोण? पुढं १८८२ चं 'सौभद्र'. एक भाऊ सुभद्रेला दुर्योधनाला द्यायला निघालाय, दुसरा भाऊ अर्जुनाला. सगळ्या खटपटी कृष्णाच्या. मग आमच्या हरिपूरच्या देवलांची 'शारदा', १८९९. बाप पोरीला पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधतोय, कोदंड मध्ये पडतो, शेवटी त्याच्याशीच तिचं लग्न. तिला तो आवडला म्हणून, की म्हातारा टळला म्हणून? प्रेम असलेला एक प्रवेश कुणी दाखवा, तोच बसवतो.

मिरजेची सतार
काका, चूक तुमची नाही, पुस्तकाची आहे. संगीत नाटक वाचून प्रेम सापडायचं नाही, ते ऐकायला लागतं. गद्यात नायिका पदर सावरून चार शब्द बोलणार, तेही मैत्रिणीला. सूर लागला की तीच बाई मोकळी. खाडिलकरांच्या 'मानापमान'मधलं भामिनीचं 'नाही मी बोलत नाथा' घ्या. बोलत नाही एवढं सांगायला ती किती वेळ गाते! वन्स मोअर आला की पुन्हा तेवढाच वेळ. रुसण्यात एवढं रमणं हे प्रेम नाही तर काय?

आयर्विन पूल
आणि गात कोण होतं? 'सौभद्र'मध्ये भाऊराव कोल्हटकर सुभद्रा, 'मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी. नायकही पुरुष, नायिकाही पुरुष. जवळ येण्याची सोय नाही, म्हणून सगळं गाण्यात भरलं. त्याला कला म्हणा हवं तर, मी अडचणीतून काढलेली वाट म्हणेन. 'आंधळ्यांची शाळा' १९३३ साली आलं, त्यात बायकांची कामं बायकांनी केली. विषय काय, तर पुरुष बाईकडून जे चारित्र्य मागतो ते बाईनं पुरुषाकडूनही का मागू नये. बाई स्टेजवर आली आणि प्रेमाचा हिशोब मागितला गेला. त्याच्या आधीचं सगळं शृंगाराचं सोंग.

मिरजेची सतार
आयर्विन, वाट अडचणीतून निघाली म्हणून ती वाट नव्हे का? सतारीचा भोपळापण भाजी करायच्या कामाचा नसतो, म्हणून तर त्याची सतार होते. आणि बायका बालगंधर्वांचं बघून लुगडं नेसायला शिकल्या, ते काय सोंगाला भुलून? त्यांना त्यात स्वतःचं काहीतरी दिसत असणार.

हळदीचं पेव
मी काय नाटकातला जाणकार नाही ओ. पण हरिपूर रोडवाल्या काकांनी खाडिलकरांना गाळलंय, ते पण सांगलीचेच की! भामिनी काय करती? बाप म्हणतोय धैर्यधराशी लगीन कर, आणि ही तोंडावर नको म्हणती. गरीब सैनिक मला नको. १९११ साली! चुकती ती, श्रीमंतीचा माज हाय, सगळं मान्य. पण नको म्हणायला येतंय तिला. जिला नको म्हणता येतं तिच्याच होय ला किंमत. शारदेला हे जमलं नाही, तिनं नुसतं भ्यायचं.

आणि १९१६ च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी? भाऊ शिशुपालाला द्यायला निघालाय आणि तिचा जीव कृष्णावर. भाव्यांच्या सीतेपासनं खाडिलकरांच्या रुक्मिणीपर्यंत ७३ वर्षं, दोन्ही नाटकवाले सांगलीचे. एवढ्या वर्षांत धनुष्य पोरीच्या हातात आलं म्हणायचं.

अजिंक्यताऱ्याखालून
पेवदादा, शेवटचं वाक्य छान जमलंय, पण भामिनीचा पुढचा भाग तुम्ही खाल्लात. नकार देऊन झाल्यावर तिला धैर्यधर हवासा वाटतो. मग तिला काय करावं लागतं? दागिने उतरवून, गरीब होऊन, वनमाला बनून त्याच्यापुढे जायचं. तो वनमालेच्या प्रेमात पडतो. बदलायचं सगळं तिनं. धैर्यधर जसा होता तसाच, वर मानही त्याचाच राखला जातो. मी साताऱ्यात कॉलेजच्या मुलांसमोर हे नाटक शिकवते. मुली दरवर्षी हेच विचारतात, आणि दरवर्षी मुलगे खाली बघतात.

हळदीचं पेव
ताई, ते पटलं. पण धैर्यधराचं पण नाक खाली होतंय की. ज्या भामिनीचा तो राग राग करतोय तीच वनमाला निघती!

अजिंक्यताऱ्याखालून
त्याचं नाक खाली होतं, मानाचे दागिने मात्र त्याच्या अंगावरच राहतात.

गावभागातली नात
'एकच प्याला'बद्दल अजून कुणी बोललंच नाही. १९१९ चं, गडकऱ्यांचं. लोक म्हणतात पतिप्रेमाचा कळस सिंधूचा. नवऱ्यानं दारूपायी घर घालवलं, भाऊ न्यायला आला तरी 'कशी या त्यजू पदाला'. बालगंधर्वांची सिंधू बघून थिएटर रडायचं, हे आपण सगळे ऐकत आलोय.

माझी आजी संगीत नाटकांची वेडी. 'सौभद्र'ची पदं भांडी घासताना पाठ म्हणायची. पण रेडिओवर हे पद लागलं की ओल्या हातानं यायची आणि बटण फिरवायची. कधी कारण सांगितलं नाही. आजोबा प्यायचे, ते आम्हाला फार उशिरा कळलं. मला आता वाटतं, सिंधूला रडणाऱ्या बायका जेवढ्या होत्या, तेवढ्याच बटण फिरवणाऱ्याही असतील. त्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, नवऱ्याला फाडफाड बोलणारी. तिला पदं मिळाली असती तर आजीनं कदाचित आवाज वाढवला असता.

आयर्विन पूल
ताई, हे वाचून पुढचं टाईप करायला वेळ लागला. माझा मुद्दा यातच आहे: प्रेमाच्या नावाखाली सोसणं विकलं.

मिरजेची सतार
विकलं असं मी म्हणणार नाही. दारूनं घराचं काय होतं हे दाखवायला गडकऱ्यांनी सिंधू एवढी पांढरीशुभ्र केली. पण गीतेबद्दल हार मानतो.

पटवर्धन चौक ते बस स्टँड
शारदेचा उपयोग तरी झाला. तिच्या नावानं सरकारनं कायदा केला, शारदा कायदा.

अजिंक्यताऱ्याखालून
ही गैरसमजूत परीक्षेच्या पेपरांतसुद्धा येते. १९२९ चा तो बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जातो. सारडाचं शारदा आपण केलं. देवलांचं नाटक तीस वर्षं आधीचं, आणि लोकांचं मन तयार करण्यात त्याचा वाटा असेलच, पण नावाचा योगायोग आहे.

काका, तुमचा प्रवेश देवलांकडेच आहे, पण 'शारदा'त नाही. 'संशयकल्लोळ' काढा. मूळ बेत मोलिएरचा, देवलांनी आधी गद्य केलं होतं आणि १९१६ ला गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत नाटक म्हणून आणलं. सगळे अश्विनशेठ-रेवती या प्रेमी जोडीच्या मागे असतात, पण जीव आहे तो फाल्गुनराव आणि कृत्तिकेत. लग्न होऊन वर्षं झालेली. रेवतीला चक्कर येते, हा तिला सावरतो, आणि कृत्तिका ते बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, आणि हा ते बघतो. बस्स, पेटलं. सगळ्या नाटकांत लग्नापर्यंत धाप लागते. इथे लग्नानंतर दोघांना एकमेकांचं इतकं वाटतं की एका तसबिरीनं झोप उडते. कुणाला ते हास्यास्पद वाटतं, मला नाही.

आयर्विन पूल
संशय म्हणजे प्रेम? मग आमच्या गल्लीत फार प्रेम आहे.

अजिंक्यताऱ्याखालून
संशय म्हणजे प्रेम नव्हे. पण ज्याचं काही वाटत नाही त्याच्यावर संशय घ्यायला कोण उठतंय, दादा?

हरिपूर रोड
ठरलं, कृत्तिका-फाल्गुनराव. रेवतीच्या चकरेपासून भांडणापर्यंत. माझा मूळ आक्षेप अर्धा कायम आहे, कोदंडाबद्दल कुणीच समाधान केलं नाही. गावभागच्या ताईंनी लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं, ती कृत्तिका करायला तयार झाली. फाल्गुनराव मी. तसबीर म्हणून तिनं स्वतःच्या कॉलेजच्या ग्रुप फोटोतला एकजण कापून काढलाय. कोण आहे विचारलं तर म्हणते, तालमीत कळेल.