तातडीचं: आईचा आयएनआर नेमका विसर्जनाच्या दिवशी

प्रेषक: प्रसाद (गुरुवार, सकाळ)

नमस्कार मंडळी,

शनिवारी सकाळी सदाशिव पेठेत घरी येऊन रक्त घेऊन जाईल असं कोणी माहीत आहे का? कुमठेकर रस्त्याच्या आतली गल्ली. नेहमीचा लॅबवाला मुलगा म्हणतो, विसर्जनाच्या दिवशी पेठेत गाडी घालणार नाही, आणि लॅबही बंद आहे. रविवारी दुपारपर्यंत मिरवणूक चालते, म्हणजे गाडं थेट सोमवारवर जातं.

काल आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २.८ आला. अ‍ॅसिट्रॉमची (रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची) शेवटची गोळी काल रात्री झाली, आजपासून बंद. डॉक्टरांनी सांगितलंय की शनिवारी परत तपासा, २ च्या खाली आला की त्याच कामाची नवी गोळी एपिक्साबॅन २.५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू करा. कॉर्डारोन (अनियमित ठोक्यांवरची गोळी) मागच्या महिन्यात थांबवली ते इथं ब्रिटनमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे (थायरॉइडचा टीएसएच वाढला, खोकला हटेना). त्याऐवजी मेटोप्रोलॉल चालू आहे.

आई ८१ वर्षांची आहे, मावशी ७६ ची. दोघी त्या गर्दीतून रिक्षापर्यंतही जाऊ शकणार नाहीत. आदल्या दिवशी कोथरूडला जाऊन राहा म्हटलं, तर घरचा गणपती सोडून कुठं जाऊ म्हणून बसली आहे. पुण्यातलं कोणी असेल तर प्लीज लगेच कळवा.

प्रसाद

प्रेषक: सुरेशकाका

प्रसाद, घाबरू नकोस. माझी वॉरफरिन बंद करून एपिक्साबॅन दिली तेव्हा मी हे सगळं केलेलं आहे. आयएनआर काही एका रात्रीत पडत नाही, मला चांगले चार-पाच दिवस लागले होते. नर्सने पिवळ्या वहीत तसं लिहूनही दिलं होतं. सोमवारी तपासलं तरी काही बिघडत नाही. त्या दिवशी पेठेत कोणाला धावपळ करायला लावू नकोस.

तुझ्या आईला ५ ची गोळी का नाही? मला ५ ची आहे, इथल्या ओळखीच्या सगळ्यांनाच ५ ची आहे. पुण्यात डॉक्टर हात आखडून देतात असं माझ्या मेव्हण्याच्या वेळीही पाहिलं होतं. विचार जरूर.

प्रेषक: मेधा

सुरेशकाका, इथं मला मधे पडावंच लागेल. काकूंची गोळी वॉरफरिन नाही. अ‍ॅसिट्रॉम म्हणजे असेनोकुमारॉल. काम तेच, तपासणीही तीच, पण शरीरातून जाण्याचा वेग फार वेगळा. वॉरफरिन निम्मी व्हायला साधारण दीड दिवस लागतो, असेनोकुमारॉलला ८ ते ११ तास. तुमच्या वॉरफरिनच्या तपकिरी-निळ्या-गुलाबी गोळ्यांचा हिशेब पेठेतल्या काकूंना लावून चालणार नाही. बुधवारी रात्रीची शेवटची गोळी, म्हणजे शनिवारी सकाळपर्यंत आयएनआर बराच उतरलेला असू शकतो. सोमवारपर्यंत थांबलं तर मधे दोन दिवस संरक्षणच नाही, आणि एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये (काकूंचा ठोके अनियमित होण्याचा आजार) लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो, तो कुठं जात नाही.

पण प्रसाद, याला उलटी बाजूही आहे. अमिओडॅरोन (म्हणजे तुमची कॉर्डारोन) बंद केली तरी महिनोन्‌महिने अंगात राहते. ती या गोळ्यांचं विघटन रोखते, त्यामुळे आयएनआर अपेक्षेपेक्षा सावकाशही उतरू शकतो. म्हणून अंदाजाने शनिवारी नवी गोळी सुरू करणंही नको. दोन्ही बाजूंनी अंदाज धोक्याचा आहे, रक्त तपासायलाच हवं.

सगळ्यात आधी, आजच, मावशींना सांगा: गोळ्यांच्या डबीतून पुढच्या दिवसांच्या अ‍ॅसिट्रॉम काढून टाका आणि ती पट्टी वेगळ्या कपाटात ठेवा. गोळी बदलताना जुनी आणि नवी दोन्ही चालू राहतात, हे मी औषधांच्या दुकानात कितीदा तरी पाहिलंय.

प्रेषक: निखिल (सचिव)

सर्वांना विनंती. वैद्यकीय सल्ला या यादीवर द्यायचा नाही, असं गेल्या वर्षी हळदीच्या कॅप्सूलच्या प्रकरणानंतर ठरलं होतं. प्रसादला लॅबवाला हवा आहे, तेवढंच सांगावं. बाकी कृपया खासगी मेलवर.

शनिवारच्या आरतीसाठी हॉल दोनलाच उघडेल. मोदकाचे डबे थेट स्वयंपाकघरात द्यावेत, मागच्या वेळी बुटांच्या रॅकवर ठेवले होते.

प्रेषक: अरविंदकाका

निखिल, सल्ला आणि माहिती यात फरक आहे. एवढी वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाला गप्प बस म्हणू नकोस.

आधी डोसबद्दल. ५ ऐवजी २.५ देण्याचे निकष ठरलेले आहेत: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) १.५ किंवा जास्त. तिघांपैकी दोन लागू झाले की २.५. प्रसादची आई ८१ वर्षांची, आणि मागच्या दिवाळीत इथं आली होती तेव्हा मी पाहिलंय, पन्नास-बावन्न किलोच्या पुढं नाही. डॉक्टरांनी बरोबर तेच केलंय. सुरेश, तू ६८ चा आणि चांगला ८५ किलोचा आहेस, तुझा डोस वेगळाच असणार.

दुसरं, '२ च्या खाली' या आकड्याबद्दल. युरोपियन मार्गदर्शनात २ ते २.५ च्या मधे आला तर दुसऱ्या दिवशी सुरू करायची मुभा आहे. शनिवारी २.२ आला तर काय करायचं, हे प्रसादने डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवावं. शनिवारी ढोल-ताशांत फोनवर कोणालाच काही ऐकू येणार नाही.

मेधा, तू सांगितलेलं औषधाचं गणित बरोबर आहे. पण कधी सुरू करायची हे आपल्यापैकी कोणीच ठरवू नये, तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

प्रेषक: मेधा

काका, मी कधी सुरू करायची ते सांगितलंच नाही. वाट बघायला सांगणाऱ्याला थांबवलं. वॉर्डात औषधं लिहिली जातात, पण घरी गेल्यावर डबीत काय होतं ते काउंटरवरच्या माणसाला जास्त दिसतं, एवढं म्हणू द्या.

प्रेषक: सुमनकाकू

औषधाचं मला कळत नाही, पण मेटोप्रोलॉलवरून लिहिते. आमच्या ह्यांना तीच दिली होती. आठवडाभरात जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी. नाडी मोजली तर ४६. यांनी कोणाला न विचारता गोळी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी छाती अशी धडधडायला लागली की रात्री अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. प्रसाद, आईची नाडी कोणी मोजतंय का? घरी बीपीचं मशीन आहे का? नसेल तर आमचा अमोल सोमवारी पुण्याला जातोय, त्याच्याबरोबर देते.

आणि आईंना पपनस देऊ नका म्हणून सांग. गणपतीत घरोघरी असतंच.

प्रेषक: अरविंदकाका

सुमनताईंनी फार कामाचं लिहिलंय. अमिओडॅरोन अंगात असतानाच वर मेटोप्रोलॉल पडली की दोन्ही मिळून ठोके मंदावतात. आईने सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, फिब्रिलेशनमध्ये ठोके अनियमित असतात. पन्नासच्या खाली गेले किंवा गरगरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळी मात्र आपल्या मनाने एकदम तोडायची नाही, सुमनताईंच्या घरी झालं तसंच होतं.

पपनसाचंही बरोबर आहे. ग्रेपफ्रूट अमिओडॅरोनबरोबर नको म्हणतात, पपनस त्याच कुळातलं. थायरॉइडचं म्हणाल तर कॉर्डारोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि शरीराला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणून गोळी थांबवल्यावरही काही महिने टीएसएच बघत राहायचं, खोकला रेंगाळला तर छातीचा फोटोही.

प्रेषक: अंजलीवहिनी (कोथरूडहून)

प्रसादभावजी, मी पुण्यातच आहे, मेल आत्ता पाहिली. एवढी चर्चा झाली, पण रक्त कोण आणणार ते कोणीच लिहिलं नाही!

मी इकडं दोन ठिकाणी फोन केले. आमच्या जवळची लॅब शनिवारी अकरापर्यंत चालू आहे. मिरवणूक मंडईतून साडेनऊ-दहाच्या सुमारास निघते, पण लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्ता त्याआधीच वाहनांना बंद होतात. पायी मात्र सकाळी सातपर्यंत आरामात जाता येतं. आमच्या सोसायटीत राहणारी एक नर्स पहाटेच्या ड्यूटीवरून सुटते, ती माझ्याबरोबर यायला तयार आहे. गाडी डेक्कनला लावू, लकडी पूल चालत ओलांडू, अलका चौकातून आत. सातच्या आत घरात. रक्त घेऊन त्याच वाटेने परत, साडेआठला लॅबमध्ये.

लॅबवाल्याने दोन गोष्टी बजावल्या आहेत. नळी फिक्या निळ्या टोपणाचीच हवी आणि त्यावरच्या खुणेपर्यंत पूर्ण भरलेली हवी. कमी भरली तर आत असलेल्या सायट्रेटचं (रक्त गोठू न देणारा पदार्थ) प्रमाण चुकतं आणि आकडा खोटा येतो. नळ्या मी आजच आणून ठेवते. मावशींना म्हणावं, दाराची कडी काढून ठेवा, बेल त्या आवाजात ऐकू येणार नाही.

एपिक्साबॅनच्या पट्ट्या घरात आल्या आहेत का? शनिवारी पेठेतलं मेडिकल उघडं असेल याची खात्री नाही. नसतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा, मी उद्या घेऊन ठेवते.

प्रेषक: प्रसाद

वहिनी, काय बोलू! चिठ्ठीचा फोटो पाठवलाय. पट्ट्या अजून आणलेल्या नाहीत, मावशी शनिवारी खालून आणणार होती.

अरविंदकाका, डॉक्टरांशी बोललो. २.५ पर्यंत आला तर रविवारी सकाळी सुरू करा म्हणाले, त्याच्या वर असेल तर फोन करा, २ च्या खाली असेल तर शनिवारीच. मेधाताई, मावशीला व्हिडिओवर घेऊन डबी रिकामी करून घेतली. शनिवार-रविवारच्या कप्प्यांत अ‍ॅसिट्रॉम भरलेलीच होती, सवयीने. ती पट्टी आता मावशीच्या कपाटात आहे.

सुमनकाकू, आजची नाडी ५६. मशीन नक्की पाठवा, पत्ता वेगळा कळवतो.

प्रेषक: सुरेशकाका

वॉरफरिन आणि अ‍ॅसिट्रॉम वेगळ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. माझ्या बहिणीलाही नारायण पेठेत अ‍ॅसिट्रॉमच आहे, तिची तपासणीची तारीख परवा चुकली होती, आज फोन करतो. तिला तर हृदयाच्या झडपेचा संधिवाती आजार आहे. मेधा, तिलाही ही नवी गोळी मागून घ्यावी का?

प्रेषक: मेधा

काका, नको. संधिवाती ताप येऊन गेल्यावर मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर जुनीच गोळी योग्य. २०२२ मध्ये अशा रुग्णांवर इन्व्हिक्टस नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात याच नव्या गटातली रिव्हरोक्साबॅन जुन्या गोळीपेक्षा मागे पडली, मृत्यूही जास्त झाले. झडप यांत्रिक असेल तरीही जुनीच. ताईंचा इको रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणीही काही बदलू नये. तारीख मात्र लगेच गाठा.

प्रेषक: निखिल (सचिव)

ठीक आहे, हा धागा इथंच चालू द्या. पण धागा वाचून कोणी स्वतःच्या गोळ्या बदलू नका, ही सचिव म्हणून विनंती. आणि चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पुण्यात १०८, इथं ९९९. मिरवणुकीतही अ‍ॅम्ब्युलन्सला वाट करून देतात, हे मी अलका चौकात उभं राहून पाहिलंय.

प्रेषक: अंजलीवहिनी (शनिवार)

सकाळी पावणेसातला पोचलो. काकूंनी अंघोळ करून गणपतीपुढे निरांजन लावलं होतं आणि आमच्यासाठी उकडीचे मोदक तयार! नर्सने पहिल्याच खेपेत शीर पकडली, नळी खुणेपर्यंत भरली. कापूस मात्र नेहमीपेक्षा बराच वेळ दाबून धरावा लागला. नऊला नळी लॅबमध्ये.

आयएनआर १.८. रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवला, त्यांचा होकार आला. संध्याकाळी सातला पहिली गोळी, मावशींनी कॅलेंडरवर खूण केली आहे. सकाळची आठला.

प्रेषक: मेधा

छान झालं. प्रसाद, एक लक्षात ठेव. ही गोळी अर्ध्या दिवसात निम्मी उतरते, त्यामुळे एकही वेळ चुकवायची नाही आणि पट्टी संपायच्या आधी आठवडाभर पुढची आणून ठेवायची. गुडघे दुखले म्हणून मावशींच्या डब्यातली दुखण्याची गोळी काकूंना देऊ नये, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन कधी बघायचं ते डॉक्टरांना विचार. आणि पालेभाजीचं बंधन गेलं, त्यांना मनसोक्त अळूचं फदफदं खाऊ दे.

प्रेषक: सुमनकाकू

अमोल सोमवारी रात्री निघतोय. मशीनचे सेल आत घातले आहेत. प्रसाद, पत्ता अजून आला नाही.