मॉन्ते कॅसिनोचा जनरल फॉन झेंगर: हिटलर नको होता तर एवढा लढला का?

सह्याद्री_वाचक:
इटलीतल्या युद्धाबद्दल वाचतोय आणि एका माणसापाशी अडकलोय. जनरल फ्रिडोलिन फॉन झेंगर उंड एटरलिन. जर्मनीतल्या बाडेनचा कॅथलिक, ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला शिकलेला, बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती साधूंच्या संघाशी जोडलेला, नाझींचा मनापासून तिटकारा. आणि १९४४ ला इटलीतल्या मॉन्ते कॅसिनो डोंगरावरच्या बेनेडिक्टाइनांच्याच मठाखाली दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला जानेवारी ते मे अडवून धरणाराही हाच. कॅसिनोच्या आधी हा काय करत होता? कोणी नीट सांगेल का?

रणगाडा_४२:
मुळात घोडदळाचा माणूस, पहिल्या महायुद्धात पण होता. १९४० ला फ्रान्समध्ये ब्रिगेड घेऊन शेरबूरपर्यंत गेला, मग इटलीत तूरिनला शस्त्रसंधी कमिशनवर दोन वर्षं. खरी परीक्षा डिसेंबर १९४२ ची, १७ वी पान्झर (म्हणजे रणगाड्यांची) डिव्हिजन त्याच्याकडे, स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या जर्मनांचा वेढा फोडायला जनरल होथच्या सैन्याबरोबर निघाले, रणगाडे मोजकेच उरलेले, आणि साधारण ५० किमी राहिले असताना सगळं थांबलं. १९४३ ला सिसिलीत इटालियन सैन्याकडे लायझन (संपर्क अधिकारी), मग कॉर्सिका. तिथे हिटलरचा हुकूम आला की पकडलेल्या इटालियन ऑफिसर्सना गोळ्या घाला, याने सरळ नकार दिला आणि सैन्य बेटावरून सुखरूप बाहेर काढलं. माझ्या मते त्याच्या अख्ख्या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

डोंगरवाट:
कॅसिनोला त्याच्याकडे १४ वी पान्झर कोअर (अनेक डिव्हिजन्सचं सैन्य) होती. १९४३ च्या नाताळला तो मठात प्रार्थनेला गेला तेव्हा खिडकीतून खाली बघायचं पण त्याने टाळलं, म्हणजे मठाचा टेहळणीला वापर केला असं कोणी म्हणायला नको. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्तांनी मठावर बॉम्ब टाकले, आणि मग ढिगाऱ्यात जर्मन पॅराट्रूपर्स जाऊन बसले, आडोसा आयताच मिळाला. नंतर म्हाताऱ्या मठाधिपती दियामारेंना रेडिओवर बोलायला लावलं, प्रचारासाठी. हे मला खटकतं.

माणगावकर:
नकार दिला हे मान्य, पण बाकी काय? त्याच्या कोअरसमोर आपलीच पोरं होती हो. ४ थ्या इंडियन डिव्हिजनचे गुरखे मठाखालच्या काटेरी झुडपात रात्री शिरले तर आत सुरुंग आणि तारा पेरलेल्या, राजपुताना रायफल्सचेही तसेच हाल. ८ व्या इंडियन डिव्हिजनमध्ये आपली १/५ मराठा बटालियन, मे महिन्यात त्याच डिव्हिजनने कॅसिनोजवळची गारी नदी ओलांडून जर्मन फळी फोडायला हात लावला. इटलीच्याच मोहिमेत पुढे जुलै १९४४ ला आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. झेंगर जितका हुशारीने लढला तितकं हिटलरचं राज्य लांबलं, त्याला नाझी आवडत नव्हते याने त्यात काय फरक पडतो?

रणगाडा_४२:
@माणगावकर फरक पडतो, कॉर्सिकातल्या त्या ऑफिसर्सना विचारा. पण युद्ध लांबलं हे तुमचं खरंच आहे, ते नाकारत नाही. शेवटी मे १९४५ ला फ्लॉरेन्सला अमेरिकन जनरल मार्क क्लार्कपुढे इटलीतल्या जर्मन सैन्याच्या वतीने शरणागतीला हाच गेला. मग वेल्समध्ये ब्रिजेंडच्या कैदी छावणीत १९४८ पर्यंत. १९५० ला जर्मनीत हिमेरोडच्या मठात नव्या पश्चिम जर्मन सैन्याचा आराखडा बनवणाऱ्यांतही तो होता.

सह्याद्री_वाचक:
धन्यवाद सगळ्यांना. मठाधिपतींच्या रेडिओ मुलाखतीबद्दल अजून कोणाकडे काही असेल तर इथेच टाका, मला तो भाग नीट समजून घ्यायचाय.