मदत हवी आहे: मनगट वर-खाली केलं की बीपी बदलतं, डॉक्टरांना कुठला आकडा सांगू?

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून सासऱ्यांचं ठाम मत आहे की अठराव्या मजल्यामुळे त्यांचं बीपी वाढलंय. नौपाड्यात तळमजल्यावर म्हणे सगळं छान होतं. मजल्याचा काही संबंध नाही (हृदय आणि हात एकाच लिफ्टने वर आलेत), हे दाखवायला मशीन काढलं आणि नवाच घोळ झाला.

मशीन मनगटाला बांधायचं आहे. हात मांडीवर असताना 148/94. लगेच टेबलावर उशी ठेवून मनगट छातीच्या उंचीला आणलं, तर 132/80. कपाळापाशी धरलं तर 110 च्या आसपास!

गणित जमतंय. बीपी मिमी पाऱ्यात मोजतात; पारा पाण्याच्या 13.6 पट जड, रक्त पाण्याहून किंचित जड, म्हणजे 13 सेंमी उंचीला साधारण 10 मिमी पाऱ्याचा फरक. मांडी ते छाती 20 सेंमी धरली की 15 येतातच. मग खरं बीपी कुठलं? आणि या हिशोबाने उभ्या माणसाच्या घोट्यात 90-100 जास्त असणार, तरी रक्त वर येतं कसं? शिवाय बाबांना पहाटे उठताना गरगरतं, ते यातलंच का? बीपीची गोळी चालू आहे.

प्रतिसाद १
तिन्ही आकडे त्या-त्या जागेपुरते खरेच. पण डॉक्टरांचे सगळे निकष हृदयाच्या पातळीचे, म्हणून 132/80 सांगा. जमलं तर दंडाला बांधायचं मशीन घ्या, त्यात ही भानगड कमी. पाठ टेकलेली, हाताला आधार, पायावर पाय नको.

घोट्यात दाब वाढतो हे बरोबर, पण धमनीत वाढतो तेवढाच शिरेतही वाढतो. दोन्हींतला फरक तोच राहतो, म्हणून रक्त फिरत राहतं. शिरा मात्र फुगतात. चालताना पोटऱ्या त्यांना पिळतात आणि आतल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभं राहिल्यावर पाय सुजतात ते त्यामुळेच.

गरगरण्याकडे दुर्लक्ष नको. उठल्यावर रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमधली दाब ओळखणारी यंत्रणा काही सेकंदांत सावरून घेते, पण वयाने आणि काही गोळ्यांनी ती मंदावते. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना लगेच कळवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

धागाकर्ती
आभार! उभं असताना हात खाली सोडलेला चालेल ना?

प्रतिसाद १
अजिबात नाही. कुणीतरी तो छातीच्या उंचीला धरून ठेवा. लोंबता हात आकडा वाढवेल आणि जी घसरण शोधताय ती दिसणारच नाही. बाबा तेवढ्यात डगमगले तर धरायलाही कुणीतरी हवंच.