किडे खाणारी झाडं: सड्यावर बघावी की कुंडीत?

सडाफटिंग
परवा आमच्या ग्रुपवर एकजण म्हणाला, "सीतेची आसवं, म्हणजे ती किडे खाणारी फुलझाडं, बघायला काससाठी रात्रीची एसटी कशाला? हरितगृहात जाऊन सुरईसारख्या पानात किडे पकडणारी घटपर्णी बघ, चिखल नाही, जळवा नाहीत." तेव्हापासून डोकं फिरलंय. अरे, झाड किडे का खातं हे कुंडीत कळतच नाही! सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खाली जांभा, वर बोटभर माती, तिच्यातलं नत्र पावसाने धुऊन नेलेलं. मग ते किड्यातूनच मिळवायचं.

गेल्या सप्टेंबरात कोकणात पालथा पडून दवबिंदू बघितला. करंगळीएवढं झाड, लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब. चिलटाचा एक पाय अडकला, तो सोडवायला त्याने दुसरा टेकवला, तोही गेला. हे कुठल्या कुंडीत दिसणार?

कुंडीवाला, गोरेगाव
माझ्या खिडकीत दिसतं, रोज. आणि पालथं पडताना पोटाखाली किती दवबिंदू चिरडले, मोजलेत का?

सीतेच्या आसवांचंच घ्या. कासला तुम्ही बघता ती जांभळी फुलं. सापळा असतो ओल्या मातीत: टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या, दाराशी केस. केसाला धक्का लागला की दार उघडून पाण्यासकट किडा आत, एका मिलिसेकंदाच्याही आत. सड्यावर ते बघायचं तर झाड उपटावं लागेल. कुंडीतली काडी भिंगाखाली धरता येते.

सडाफटिंग
पिशव्यांचा मुद्दा मान्य. चिरडण्याचाही, थोडा. पण या कुंड्यांच्या हौसेपायीच जंगलं ओरबाडली जातात. किडा आला की तोंडासारखं पान मिटणारा व्हीनस फ्लायट्रॅप रानात फक्त अमेरिकेतल्या दोन्ही कॅरोलायनांत उगवतो. चोऱ्या इतक्या वाढल्या की नॉर्थ कॅरोलायनाने २०१४ मध्ये ती चोरी गंभीर गुन्हा ठरवली.

कुंडीवाला, गोरेगाव
म्हणूनच नर्सरीत वाढवलेलं घ्यायचं. आपली एकुलती एक देशी घटपर्णी मेघालयातली, तिचीही रानातून लूट झालीय. सगळ्यांनी तिथे जाऊन बघायचं ठरवलं तर काय उरेल?

बाल्कनीकर
तुमचं भांडण चालू द्या. मी ऑनलाइन फ्लायट्रॅप मागवला होता. पोरांनी दिवसभर बोटं घालून तोंडं मिटवली, मे महिन्यात गेला बिचारा.

कुंडीवाला, गोरेगाव
एक तोंड मोजक्याच वेळा मिटतं, मग कामातून जातं. त्यात नळाचं पाणी घातलं असेल, त्यातले क्षार मुळांना सोसत नाहीत. शिवाय त्याला थंडीत झोप लागते, आणि मुंबईत थंडी कुठली!

सडाफटिंग
बघा! स्वतःच कबूल केलंत. ज्या झाडाला इथे झोपही मिळत नाही, ते इथे आणायचंच कशाला? देशी बघा, पावसात कान्हेरीच्या ओल्या कातळांवर.

बाल्कनीकर
आता दवबिंदूच लावीन म्हणतो. पागोळीचं पाणी चालेल का?

कुंडीवाला, गोरेगाव
चालेल. पहिल्या दोन सरींचं नको, पत्र्यावरची सगळी घाण त्यातच उतरते.