झिरो एडी मॉड: किल्ला एक तर अभेद्य, नाही तर १२ सेकंदांत जमीनदोस्त

प्रश्न
झिरो एडी या प्राचीन युद्धांवरच्या स्ट्रॅटेजी गेमसाठी मॉड (खेळाचे नियम-आकडे बदलणारी भर) करतोय. किल्ल्याची हेल्थ ५०००, क्रश रेझिस्टन्स (चिरडणाऱ्या माऱ्याला प्रतिकार) २ ठेवलाय. मूळ बाण ३ आणि गॅरिसन ॲरो मल्टिप्लायर (आतल्या दर शिपायामागे वाढणारे बाण) १, म्हणजे आत २० शिपाई असले की एका फेरीत २३ बाण. पायदळाला तटाजवळ फिरकता येत नाही, पण ५ रॅम, म्हणजे तट फोडणारे ओंडके, आले (प्रत्येकी १५० क्रश, रिपीट टाइम १५००, म्हणजे दर दीड सेकंदाला एक धडक) की किल्ला लगेच पडतो. बाण आणखी वाढवू, की हेल्थ दुप्पट करू?

उत्तर १
दोन्ही नको. बाण म्हणजे पिअर्स (भोसकणारं) डॅमेज. रेझिस्टन्सच्या दर पायरीला नुकसान ०.९ पट होतं. रॅमचा पिअर्स रेझिस्टन्स ५० धरला तर शंभरातला जेमतेम अर्धा पॉइंट लागतो. १२ पिअर्सचे २३च्या २३ बाण लागले, तरी रॅमचं दीड पॉइंटही जात नाही. बाण वाढवून फक्त सोबतचं पायदळ मरतं, म्हणून समोरचा खेळाडू पायदळ आणायचंच सोडतो आणि नुसते रॅम पाठवतो.

आता वेळ काढा. ५ रॅम सेकंदाला ५०० क्रश देतात. रेझिस्टन्स २ म्हणजे ०.८१, म्हणजे ४०५. ५००० भागिले ४०५, साधारण १२ सेकंद. रेझिस्टन्स १० केला की गुणक ०.३५, वेळ २९ सेकंद. तेवढ्यात आतले तलवारवाले बाहेर पडून रॅम फोडू शकतात. रॅमचा खरा कमकुवतपणा हॅक (तलवारीच्या घावाचं) डॅमेज आहे. बाणांचा मल्टिप्लायर ०.२५ वर आणा, २० शिपायांना ८ बाण पुरे.

वेढा बाहेर पडून मोडतो, हे खेळात दिसायलाच हवं. इ.स.पू. ३३२ मध्ये टायर या फिनिशियन बेटावरच्या शहराच्या लोकांनी जळतं जहाज सोडून अलेक्झांडरने समुद्रात घातलेल्या बांधावरचे मनोरे पेटवले होते. नुसत्या तटाच्या जाडीवर बसून राहिले नव्हते.

प्रश्नकर्ता
क्रश रेझिस्टन्स १० केल्यावर दगडफेकी यंत्रं निरुपयोगी होतील ना?

उत्तर १
होतील, तीही क्रशच देतात. त्यांच्या हल्ल्यात 'बोनसेस'खाली किल्ल्याच्या क्लाससाठी मल्टिप्लायर २.३ द्या (०.८१ भागिले ०.३५). जुना वेग परत येतो. रॅमला हा बोनस देऊ नका, नाहीतर सगळी मेहनत वाया.

उत्तर २
तीन गोष्टी राहिल्या.

'गॅरिसन ॲरो क्लासेस' (आतले कोणते शिपाई बाण वाढवतात त्याची यादी) तपासा. त्यात इन्फंट्री असेल तर तलवारवालेही बाण वाढवतात, मग १२ धनुर्धारी आणि ८ तलवारवाले ठेवून काही गमवावं लागत नाही. फक्त रेंज्ड (लांबून मारा करणारे) असेल तर हेच आठजण बाणांच्या हिशेबातून बाद.

कब्जा विसरू नका. हेल्थ घटली की इमारत काबीज करणं सोपं होतं. रॅमनी अर्धी पाडायची आणि पायदळाने काबीज करायची, ही जोडगोळी तुमचे २९ सेकंद खाऊन टाकते. तलवारवाले बाहेर काढले की आतली शिबंदी घटते, मग कब्जा आणखी लवकर. चाचणी रॅम एकटे आणि रॅम अधिक १५ शिपाई, अशी दोन्ही प्रकारे करा. ॲटलसमध्ये (खेळाच्या नकाशा-संपादकात) एकच नकाशा बनवून तोच वापरा.

आणि मूळ टेम्प्लेटच्याच (इमारतीचे आकडे असलेल्या फाइलच्या) नावाची फाइल मॉडमध्ये ठेवली तर ती पूर्ण फाइल बदलते, फक्त बदललेल्या ओळी नव्हे. आधी संपूर्ण फाइल कॉपी करा, मग आकडे बदला. चाचणीला येणाऱ्या सगळ्यांकडे मॉडची एकच आवृत्ती हवी.