मदत हवी आहे : एका बैठकीत संपणारी पुस्तकं आणि गेम

नमस्कार मंडळी. कोथरूड ते हिंजवडी रोज जा-ये करून रात्री जेमतेम तासभर हाताशी उरतो. जाडजूड कादंबऱ्या आणि महिनोन्‌महिने चालणारे गेम आता होत नाहीत. छोटं, पण जीव गुंतवणारं काही सुचवाल का?

आवड कळावी म्हणून सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, हळूहळू त्यांच्यातलाच होतो आणि मग दुष्काळ वाडी रिकामी करतो. एवढ्याशा पुस्तकात अख्खं गाव मावलंय! गेममध्ये 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' (२०१७), दोन-तीन तासांचा. त्यात माशांच्या कारखान्यातला एक तरुण आहे. एका हाताने मासे कापत राहायचं, दुसऱ्याने त्याच्या मनातल्या राज्यात चालायचं. ते राज्य हळूहळू सगळा स्क्रीन व्यापतं, तरी मासे येतच राहतात. हे पुस्तकाला जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

मारधाड नको, गेम साध्या लॅपटॉपवर चालावा. पुस्तक मराठीच हवं. शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाणार आहे, त्याआधी नावं कळली तर फार बरं होईल. आणि नुसतं नाव नको, तुम्हाला त्यातलं काय भिडलं तेही लिहा.